वरची पट्टी

माझ्या आईला आपल्या उंचीचा भारी तोरा होता, आणि मला आईचा. मेहकरकडच्या आमच्या गावात सणाच्या आधी बायका पांढऱ्या मातीनं भिंती पोतारत. वरच्या पट्टीसाठी बाकीच्यांना बाज ओढावी लागे. आई नुसता हात वर करी आणि फडकं छताच्या लाकडाला टेकवी.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, उजवी छाती काढली. काही महिन्यांनी त्या बाजूचा हात सुजला. पोलक्याची बाही चढेना, हात खांद्याच्या वर जाईना. गावात जो तो वैद्य झाला. कोणी गरम तेलानं रगडा म्हणे, कोणी तापल्या लोखंडानं डाग द्या म्हणे. आईनं सगळ्यांना चहा पाजला आणि वडिलांसोबत पुन्हा नागपूरची एस.टी. धरली.

तिथं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं, रगडायचं बिलकुल नाही. बोटांकडून खांद्याकडे हलकेच हात फिरवायचा, मग पट्टी गुंडाळायची, पंजाशी जरा घट्ट आणि वर सैल. शिवाय भिंतीशी उभं राहून बोटांनी भिंत चढायची.

धुतलेल्या पट्ट्या आई समोरच्या अंगणात वाळत घाली. मी काय चोरी केली, असा तिचा सवाल. व्यायामाला रोज बोटं गेरूत बुडवून ती भिंत चढे आणि जिथं हात थकेल तिथं शेवटचे लाल ठिपके उमटत. ते हळूहळू वर सरकत होते.

दिवाळीला काकूनं जावेचे कष्ट वाचावेत म्हणून, आई शेजारी गेलेली असताना, ती भिंत पोतारून टाकली. ठिपके गेले. आई आली आणि मटकन खाली बसली.

"माह्या बोटाइची निशाणी पुसली ना वं तूनं. आता मले कसं समजन, हात कुठवर गेला ते?"

काकू रडायलाच लागली. पण काकू ठेंगणी. बाजेवर चढूनही वरची पट्टी तिच्यानं झाली नव्हती. आईचं लक्ष तिकडं गेलं आणि ती हसली.

"राहू दे तेवढी. थे माही हाय."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या दोन रंगांच्या भिंतीकडे बघून नाकं मुरडत होत्या. आईनं कोणालाही त्या भिंतीला हात लावू दिला नाही. हाताची पट्टी आणि व्यायाम रोज चालूच होते. सूज उतरली, पूर्ण नाही, पण बाही चढू लागली.

वैशाखात अखाजीच्या सणाआधी तिनं माती कालवली. काकू न सांगता बाज ओढत आली.

"बाज ने वं बाहेर," आई म्हणाली. "तुह्या नवऱ्याले बसाले दे."

तिनं फडकं उजव्याच हातात घेतलं. हात वर गेला, जरा थांबला, पुन्हा वर गेला आणि लाकडाला टेकला. पांढरं पाणी तिच्या तोंडावर ओघळत होतं. आईनं तोंड पुसलं नाही, आधी पट्टी पुरी केली.