कोचबाईंची पाठ

थर्मासचं झाकण उघडलं, आल्याच्या चहाची वाफ चष्म्यावर आली आणि कॅनडातल्या विंडसरच्या मैदानावरच्या याच स्टँडमधली ती जुनी दुपार डोळ्यांसमोर उभी राहिली.

तेव्हाही नदीवरून असाच बोचरा वारा येत होता. पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात तो इथला फुटबॉल मला ओ की ठो कळत नव्हता. एवढंच माहीत होतं, की कॉलेजच्या मुलांच्या टीमला पहिल्यांदाच बाई कोच मिळाली होती, आणि तिनं त्या मुलांमध्ये किक मारायला माझ्या लेकीला, मुक्ताला निवडलं होतं.

शेवटची किक मुक्ताची होती. बॉल दोन खांबांमधून गेला तर मॅच आपली. आणि नेमकी तेव्हाच कोचबाईंनी मैदानाकडे पाठ फिरवली! माझा नुसता संताप झाला. पोरीवर एवढाही विश्वास नाही?

बॉल खांबांमधून गेला. सगळा स्टँड नाचायला लागला. मी मात्र तणतणत खाली उतरले. "तुम्ही बघितलंसुद्धा नाही?"

बाई हसल्या. "तिची किक मला पाठ आहे. मला तिच्या आईचा चेहरा बघायचा होता."

आज बाई नाहीत. त्यांच्या जागी, गळ्यात शिट्टी अडकवून, मुक्ता उभी असते. आत्ताही शेवटचीच किक होती. माझ्या शेजारच्या पंजाबी बाईंचा मुलगा धावत निघाला आणि मुक्तानं मैदानाकडे पाठ केली.

"कोच तो देख ही नहीं रही!" त्या उखडल्या.

बॉल अजून हवेतच होता. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"देख रही है ना. आपको."