कणसाचा पाईप, कापसाची गंजी

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी तिसऱ्यांदा खिसे चाचपत होतो. मी मुळातच भित्रा माणूस. नाशिकहून निघताना गॅस बंद केला का, कुलूप नीट लागलं का, तिकिटावरची तारीख आजचीच आहे ना, हे सगळं भिऊन झालं होतं. बायको म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो, तुमच्यापाठी त्याचं अख्खं कुटुंब आहे." पण त्या प्रवासात मी ज्याला भ्यायला हवं होतं, त्याला सोडून बाकी सगळ्याला भ्यालो.

अमरावतीला कमलाकर राहतो. कॉलेजातला मित्र, आता वकील. आम्हा दोघांना पाईप ओढायचं व्यसन एकाच वर्षी लागलं आणि सोडण्याच्या शपथाही आम्ही बरोबरच मोडल्या. माझा पाईप ब्रायरचा. ब्रायर म्हणजे दूरदेशीच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ; दगडासारखी टणक, जाड भिंतीची. कमलाकर दोन वर्षांपूर्वी फितूर झाला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे पाईप करणारा कारागीर त्याला परतवाड्यात सापडला, तेव्हापासून तो फोनवर दुसरं बोलतच नाही.

दुपारी राजकमल चौकाजवळ गिला वडा (दह्यातला झणझणीत वडा) खाताना त्याने आपली बाजू मांडली. नवा ब्रायर पहिले कित्येक महिने कडू लागतो, कणीस पहिल्या झुरक्यापासून गोड. ब्रायरला रोज विश्रांती द्यावी लागते, नाहीतर आंबूस वास धरतो. कणीस ओल शोषून घेतं. शिवाय हलकं इतकं, की दातात धरून दोन्ही हातांनी कागद चाळता येतात.

"ब्रायर म्हणजे वाटणीचा दावा," तो म्हणाला. "निकाल चांगला लागतो, पण तोवर पक्षकार म्हातारा होऊन जाते!"

मी म्हणालो, ब्रायर आयुष्यभर टिकतो. तीस वर्षं मी तो अर्धवट विझलेलाच खिशात टाकत आलोय. पाईपच्या तोंडावर अंगठा दाबायचा, खिशात टाकायचा. आतली ठिणगी आतच मरते. हात पोळला नाही की कपडा जळला नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ते चांगलं आठवतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने आम्ही परतवाड्याला गेलो. कमलाकरला शेजारीच अचलपूरच्या कोर्टात काम होतं. बसस्टँडवर मेळघाटात जाणाऱ्या जीपगाड्यांत माणसं कोंबणं चाललं होतं. एका गल्लीत रहीमभाईंचं खरादीचं (लाकूड फिरवून घडवायचं) दुकान. पोळपाट-लाटणी, पाळण्याच्या दांड्या आणि माळ्यावर वाळत टाकलेली मेळघाटातली कणसं. माझ्यासाठी सांगून ठेवलेला पाईप त्यांनी बाहीने पुसून हातात दिला. वजन म्हणाल तर शेंगेएवढं.

"साहेब, हे लाकूड नोय," रहीमभाई म्हणाले. "याचं बूड पतलं राह्यते. आरामात ओढा. जोर लावसान तं खालून जळून जाईन."

तीस वर्षांच्या अनुभवाने मी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

कमलाकरने मला अकोल्याच्या एसटीत बसवून दिलं. संध्याकाळी अकोल्याहून नाशिकची गाडी होती आणि वाटेत त्याच्या चुलत बहिणीची जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) बघायची होती. उजव्या हाताला सातपुड्याची निळी रांग, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडलेल्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले. कापसाच्या ट्रॉल्या जाताना काट्यांनी आपला वाटा काढून घेतला होता. ड्रायव्हर एका हाताने पान खात त्याच ट्रॉल्या ओलांडत होता. अंजनगावपासून अकोटपर्यंत मी समोरचा दांडा सोडला नाही.

अकोल्याच्या अलीकडेच उतरलो; जिनिंगच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. वारं सुटलेलं, तंबाखू पेट घेईना. मी इरेला पेटून फुंकणीसारखा जोर लावला. दहा मिनिटांत खरोखर गोड धूर आला आणि कमलाकर जिंकला, हे मनातल्या मनात कबूल करून टाकलं. मग तोंडावर अंगठा दाबला आणि पाईप कोटाच्या खिशात टाकला. फाटकावर चौकीदाराने विचारलं, "माचिस, बिडी, लायटर?" मी आगपेटी काढून दिली. पाईप नावाची वस्तू त्या बिचाऱ्याच्या यादीत नव्हती, आणि मी ती सांगितली नाही. विझलेलाच तर आहे, म्हटलं.

कमलाकरची ही बहीण, शोभाताई, पन्नाशीच्या. नवरा गेल्यापासून त्याच कारखाना चालवतात. आवारात घरांएवढ्या उंच कापसाच्या गंज्या (ढीग) होत्या. पंचवीस गावांचा कापूस. "बसा नं भाऊ, गादीपेक्षा मऊ हाये," त्या म्हणाल्या. मी गंजीच्या पायथ्याशी बसलो, कमरेपर्यंत रुतलो. कापूस वेचून कचरा काढणाऱ्या बायका खळखळून हसल्या. त्यांतली थोरली रुखमाबाई म्हणाली, "पाहुणे बुडाले व माय!" मग तिनेच हात देऊन मला बाहेर काढलं.

ऑफिसात जेवण आलं. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. शोभाताईंनी मधेच नाक वर केलं. "काई जळून राह्यलं का?"

"ताई, हे तुमचं भरीत," मी म्हणालो. "वांगं मस्त भाजलंय." त्या हसल्या आणि त्यांनी आणखी वाढलं.

साडेतीनला मी अकोला स्टेशनच्या बाकावर होतो. गाडीला दीड तास होता. पाईप साफ करावा म्हणून काढला, तर त्याच्या बुडातून मला माझा पायजमा दिसला. करंगळी जाईल एवढं भोक, कडा काळ्या. खिशात हात घातला. बोटं अस्तरातून आरपार बाहेर आली. भोकाची कडा कुरकुरीत होती.

मी आयुष्यभर भिऊन काढलं, असं मला वाटत होतं. ते खरं भिणं नव्हतं. खऱ्या भीतीत धडधडत नाही. कान बंद होतात आणि तोंडाला लोखंडाची चव येते. ठिणगी खिशातून पडली होती. कुठे, ते मला बसल्या जागी कळलं. मी कमरेपर्यंत रुतलो होतो तिथे.

कापसाची आग लगेच दिसत नाही, हे जेवताना शोभाताईंनीच सांगितलं होतं. आतल्या आत, गठ्ठ्यात बांधल्यावरही, कितीतरी दिवस धुमसत राहते आणि वारं लागलं की एकदम उठते. शोभाताईंना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. यंत्रांच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? आता लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझी नजर फलाटाच्या घड्याळाकडे गेली. गाडीत बसून निघून गेलो, तर कोणाला कळणार होतं? आग लागली असती तर कोणी म्हणालं असतं तार जळली, कोणी म्हणालं असतं बिडी. त्या वेचणाऱ्या बायकांपैकी एखादीची झडती घेतली असती. पाहुण्याचं नाव कोणी घेतलं नसतं. हा विचार मी चांगला दोन-तीन मिनिटं करत बसलो होतो. मग रुखमाबाईचा हात आठवला, मला ओढून काढणारा. उठलो आणि रिक्षा केली.

"कावून एवढे घाबरले जी?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. "कोनी सिरीयस हाये का?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. मी डोकं बाहेर काढून आभाळात धूर शोधत होतो. एके ठिकाणी दिसलाही. तो वीटभट्टीचा निघाला.

फाटक जागेवर होतं. गंज्या पांढऱ्या, उन्हात शांत. बायका वेचत होत्या. शोभाताई समोर आल्या. मी त्यांना भोक पडलेला पाईप दाखवला आणि खिसा उलटा करून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी हात वर करून यंत्रं बंद करायला लावली, आणि त्या शांततेने माझं धाबं जास्त दणाणलं.

"कुटी बसले होते? बोटानं दाखवा."

पाणी मारलं नाही. पाण्याने कापूस जातो आणि ते आतल्या आगीपर्यंत पोचतही नाही. पाण्याच्या बादल्या जवळ ठेवून बायकांनी गंजीचा तो कोपरा हाताने उकलायला घेतला. एकेक ओंजळ काढायची, नाकाशी धरायची, फरशीवर पातळ पसरायची. मीही बसलो. ऊन खाल्लेला कापूस मुळातच कोमट असतो. मला प्रत्येक ओंजळ पेटलेली वाटत होती. अर्धा तास गेला असेल, तेव्हा कोपरापर्यंत हात घातलेली रुखमाबाई थांबली.

"हाये. इथं हाये."

तिने बाहेर काढलं ते लिंबाएवढं काळं बोंड होतं, मधोमध लाल. वारं लागताच ते उजळलं. तिने ते उघड्या तळव्यात मिटून घेतलं आणि मूठच्या मूठ बादलीत बुडवली.

मी तिचा हात बघितला. दोन फोड आले होते. मी हात जोडले, काहीतरी माफीचं बोललो. ती म्हणाली, "सांगाले आले नं तुमी? मंग झालं. न येते तं आमी इथंच बसलो असतो."

शोभाताईंनी मात्र सुस्कारा टाकला नाही. "एक सापडला म्हून एकच होता, असं नसते भाऊ," त्या म्हणाल्या. ती अख्खी गंजी पसरायचं ठरलं. मी संध्याकाळची गाडी सोडली आणि दुसरा दिवसही कापूस हुंगण्यात काढला. काही सापडलं नाही.

नाशिकला आल्यावर फोनवर कमलाकरचा पहिला प्रश्न, "मग, कणीस की ब्रायर?" मी त्याला सांगितलं, दोष कणसाचा नाही. ब्रायरने माझा निष्काळजीपणा तीस वर्षं पोटात घातला, म्हणून मला तो सद्गुण वाटत होता. कणसाने एका दिवसात खरं काय ते सांगितलं. दोन्ही पाईप आता कपाटात आहेत. सोडलं असं म्हणवत नाही. हात तिकडे जात नाही, एवढंच.

मी रोज सकाळी अकोल्याला फोन करायचो. ताई, सगळं ठीक? त्या म्हणायच्या, ठीक हाये, रुखमाबाईचे फोड वाळले, त्या कापसाच्या गठाणी (दाबून बांधलेले गठ्ठे) बांधल्या, आवारात एकीकडे ठेवल्या, रोज हात लावून पाहतो. अकराव्या दिवशी म्हणाल्या, "आता फोन नका करू भाऊ. गठाणी काल ट्रकमधी गेल्या."

"कुठे गेल्या?" मी विचारलं.

"दलाल जाने. तिकडं गुजरातकडं कुठंतरी."

आता फोन कोणाला करायचा, ते मला कळत नाही.