चौपदरी फडकं

आमच्या वाडीत प्रत्येक नळाच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं, कुणाचं जुन्या धोतराचं, कुणाचं साडीचं. पाणी आलं की त्यावर तांबूस गाळ साठतो. आज सकाळी शेजारच्या शालनकाकू फडक्याची चौपदरी घडी करून नळाला सुतळीनं आवळत होत्या.

"काकू, एवढं जाड? धार कशी पडणार?"

"पडू दे बारीक. लेक येतेय बाळंतपणाला."

पाणी सोडतात त्या टाकीपाशी घ्यायची काळजी अशी दारोदार चिंधी होऊन लोंबते. आणि दिसतो तेवढाच गाळ ती अडवते. न दिसणारं कितीतरी खाली हंड्यात उतरत असेल.

"पाणी उकळून द्या हं तिला," मी म्हटलं.

"उकळणार तर आहेच," म्हणत काकूंनी धारेखाली पेला धरला आणि तसाच तोंडाला लावला. "पण ती येईस्तोवर मी पिऊन बघते."