दातांत धरलेला बांबू

"वाजव ना बे! हात बाजारात इकून आला काय?"

गुडघाभर पाण्यात, जाळ्याची दोरी धरून, तो ओरडत होता. आवाज असा, की तो अमरावतीत ओरडला तर अकोल्याच्या म्हशी पान्हा चोरत. इंग्रजांच्या सीपी-बेरार प्रांताच्या जमान्यातली गोष्ट. मी तलावाशेजारच्या कापसाच्या जिनात कामाला होतो आणि हा तलावावरचा भोई.

त्याचा साळा खोल पाण्यात, पाणकणसांच्या आड, डोंग्यातून दोन गोटे पाण्याखाली एकमेकांवर आपटी. मासोळी बिचकून उथळाकडे पळे. आपटणं जलद झालं, की पाण्यात कान घालून बसलेल्या यानं जाळं उचलायचं. तोंडानं हाक मारायची नाही, मासोळी परतते. हा नियम त्यानंच केलेला आणि मोडायचाही त्यानंच.

त्या दिवशी जाळं उशिरा उठलं. आत एक खेकडा, तोही नाराज.

"भाऊजी, तुमी बहिरे झाले," साळा म्हणाला. "उद्यापासून काठावर बसा. जाळं मी धरतो."

जाळं सुटलं तर भोयाचं उरतं काय? तो उसळला.

"बहिरा मी? अबे, तळ पाह्य!" त्यानं दोन तळहात एकावर एक धरले, खालचा तळ, वरचा पाण्याचा माथा, आणि एका टोकाला जवळ आणले. "काठाकडं गाळ वर चढते, पानी कमी होते. आवाज मंधात टप्पे खात येते. जागा कमी झाली का टप्पा उभा होते, अन् शेवटी गाळातच घुसते. मले कुठून आयकू येईन?"

साळा नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी यानं बांबू आणला, गाळात रोवला आणि वरचं टोक दातांत धरलं. साळ्यानं गोटे आपटले. जाळं अगदी वेळेवर उठलं. मासोळी इतकी, की तलाव वीतभर उतरला. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग मीही बांबू चावला. पाण्यात कान घातला तर काही नाही, दाढेत मात्र टक, टक, टक.

पुढे कित्येक हंगाम तो आणि बांबू. एकदा जिनाचा भोंगा त्याच्या डोक्यावरच वाजला. कावळे पार अंजनगावापर्यंत उडाले. तो पाठमोरा, निवांत बिडी पेटवत राहिला.  

तो गेला, त्याच्या पुढच्या हंगामात बांबू साळ्याच्या दातांत होता. मी विचारलं, "खरं सांग, गाळ आवाज खात होता, की तुझे भाऊजी बहिरे होते?"

त्यानं बांबू तोंडातून काढला.

"दोन्ही," तो म्हणाला. "पन जाळं येळेवर उचलत."