कमलताईंच्या उंचीचा कॅमेरा

"मला इथे उभं कुणी केलं?"

डोळ्यांवरचा हेडसेट न काढताच कमलताईंनी विचारलं. कुकटपल्लीतल्या आमच्या ऑफिसची मीटिंग रूम. टेबलाच्या एका बाजूला मी आणि माझे बॉस श्रीनिवास सर. समोर आमचे क्लायंट विजयराव आणि त्यांच्या मिसेस मीनावहिनी. टेबलाच्या टोकाला, एक खुर्ची हलवून केलेल्या जागेत, विजयरावांची थोरली बहीण कमलताई. व्हीलचेअरवर.

मी म्हटलं, ताई, हा तुमच्या नव्या फ्लॅटचा पॅनोरमा आहे. मान वळवा, सगळीकडचं दिसेल.

"दिसतंय की. ओटा माझ्या कमरेशी दिसतोय. तीन वर्षांत मी ओटा असा वरून बघितला नाही." मग त्यांनी मान खाली घातली. पॅनोरमात खाली पाहिलं की नुसती फरशी दिसते, आपलं अंग त्यात नसतं. "आणि पाय तर इथेही नाहीत. बरं आहे, इथे कुणालाच नाहीत."

विजयराव कसनुसं हसले. सरांनी घाईघाईने चहा मागवला. माझी मात्र कानशिलं तापली. चूक माझीच होती, आणि ती मला दुसऱ्या कुणी दाखवायच्या आत कळायला हवी होती.

काम काय आहे ते आधी सांगते. आम्ही घराचं इंटिरियर सॉफ्टवेअरमध्ये आधी बांधतो. भिंती, कपाटं, ओटा, दिवे, सगळं इंचाइंचाने. मग त्या खोलीत, माणूस उभा राहील तिथे, एक कॅमेरा ठेवतो. खरा नव्हे, सॉफ्टवेअरमधलाच. तो गोल फिरून खोलीचं सगळ्या बाजूंचं एकच चित्र काढतो, ते तयार व्हायला कॉम्प्युटरला काही तास लागतात. कागदावर ते चित्र जगाच्या नकाशासारखं ताणलेलं दिसतं, पण हेडसेटमध्ये घातलं की माणूस खोलीत उभा असल्यासारखा चौफेर बघू शकतो. क्लायंट खूश होतात, सही करतात, आणि कपाटांची ऑर्डर फॅक्टरीला जाते.

त्या कॅमेऱ्याला उंची द्यावी लागते. आपण काही लिहिलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतःच पाच फूट तीन इंच लिहून मोकळं होतं. उभ्या माणसाचे डोळे साधारण तिथे असतात. पंधरा वर्षं मी हे काम करतेय, आणि पंधरा वर्षांत त्या आकड्याला मी हात लावला नव्हता. विजयरावांच्या फाईलवर मी माझ्याच हाताने लिहिलं होतं, घरात व्हीलचेअर आहे. त्यावर मी काय केलं? बाथरूममध्ये धरायला दोन दांड्या लावल्या आणि झालं आपलं काम म्हणून पुढे गेले. लाज वाटली. अजूनही वाटते.

मीटिंग संपल्यावर ताईंची खुर्ची ढकलत लिफ्टपर्यंत गेले. म्हटलं, ताई, उद्या तुमच्याकडे येऊ का? माप घ्यायचंय. त्या म्हणाल्या, "माझं? ये की. आजवर सगळ्यांनी फ्लॅटचंच माप घेतलं."

कमलताई नल्लकुंट्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. गुडघ्याखाली पाय गेले तो अपघात रिटायरमेंटनंतरचा, तीन वर्षांपूर्वीचा. घराणं मूळचं नांदेडकडचं, निजामाच्या काळात इकडे त्याच्या राजधानीत आलेलं. माझे आईवडीलही नांदेडचेच, म्हणून दारातच गाव विचारून झालं. मग त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवलं, आणि मी बघतच राहिले.

ओटा होता, पण त्यावर नुसते डबे आणि धूळ. खिडकीखाली एक जुनं लाकडी टेबल, शाळेत मास्तरांच्या पुढे असतं तसलं. शाळेने भंगारात काढलेलं ते ताईंनी मागून आणलं होतं. त्यावर दोन बर्नरची शेगडी. चहा, साखर, तिखट-मीठ, सांडशी, सगळं हाताच्या टप्प्यात. त्यांनी खुर्ची सरळ टेबलाखाली घातली, गुडघे आत गेले, आणि बोलता बोलता आल्याचा चहा करून माझ्या हातात दिला. एकदाही वाकल्या नाहीत, काही मागितलं नाही.

"विजयला हे बघवत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणतो, ताई, तू अशी टेबलावर चूल मांडून राहतेस, लोक काय म्हणतील? आता आमच्याकडे चल, सगळं तुला हातात मिळेल. मीना चांगली आहे गं, खरंच देईल. पण मला पहाटे साडेचारला जाग येते. तेव्हा चहासाठी मी कुणाला हाक मारायची? आणि मीनाच्या चहात साखर नसते, माझ्या शुगरचं डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलंय. माझा चहा मला कुणाला न मागता करता आला पाहिजे. बाकी घर तुम्ही कसंही करा."

मी टेप काढली. बसलेल्या ताईंचे डोळे जमिनीपासून तीन फूट नऊ इंचांवर. टेबल तीस इंच. खुर्चीची रुंदी, वळायला लागणारी जागा, हात वर कुठवर पोचतो, सगळं लिहून घेतलं.

ऑफिसला आले आणि कॅमेरा खाली आणला. आधीच्याच डिझाइनमध्ये, एकही कपाट न हलवता, फक्त पाच-तीनचं तीन-नऊ केलं. दुपारभर कॉम्प्युटरला लावून ठेवलं. चित्र आलं तसा हेडसेट घातला. जे स्वयंपाकघर मी महिनाभर मिरवत होते ते हेच? ओट्याची कड छातीशी. गॅसवर मी शोभेसाठी दुधाचं पातेलं ठेवलं होतं, त्याच्या आतलं काही दिसेना, म्हणजे दूध उतू जाऊन अंगावर आल्यावरच कळणार. वरच्या कपाटांचे नुसते तळ दिसत होते. ओट्याखाली सगळीकडे ड्रॉवर, गुडघे घालायला जागा नाही, म्हणजे खुर्ची आडवी लावून, कंबर पिळून ज्वाळेवरून हात घालायचा. मधोमध मी हौसेने टाकलेला छोटा काउंटर, त्यामुळे खुर्ची वळणारच नाही. घर देखणं होतं. फक्त त्यात कमलताईंना चहा करता येणार नव्हता.

सरांना दाखवलं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण तारखा सांभाळायचं काम त्यांच्याकडे. विजयरावांच्या गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला. शनिवारी सही झाली तरच फॅक्टरीतून माल वेळेवर येणार. आणि फॅक्टरीत कपाटं येतात ती ठरलेल्या मापाची, चौतीस इंचांच्या ओट्याला बसणारी. एका बाईसाठी वेगळी उंची म्हणजे वेगळं ड्रॉइंग, वेगळी कटिंग. हे सगळं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मग हेडसेट टेबलावर ठेवून म्हणाले, "चूडु अम्मा, क्लायंट कोण आहे? सही विजयराव करणार, आणि ते खूश आहेत. शनिवारी जुना व्ह्यू उघड. हा बैठा व्ह्यू नक्को."

तेलुगूत 'बघ बाई' म्हणून समजूत घालायची आणि दखनी 'नक्को' म्हणून विषय संपवायचा, ही सरांची नेहमीची रीत. बाकीचे गप्प बसतात. मीही पुष्कळदा बसले आहे. पण त्या दिवशी डोक्यात तिडीक गेली.

"सर, जुना व्ह्यू खोटा आहे."

"खोटा कसा? एकेक इंच बरोबर आहे."

"इंच बरोबर आहेत. डोळे दुसऱ्याचे आहेत. शनिवारी मी बैठा व्ह्यूच उघडणार. लपवून नाही, तुम्हाला सांगून."

"मग या प्रोजेक्टवरून तुला काढावं लागेल."

"काढा. शनिवारनंतर काढा."

बोलून गेले आणि टेबलावरचा हेडसेट उचलून घेतला. सरांनी मोबाइल काढला. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत.

शनिवारी तिघं आले. मी सरळ सांगितलं की आज तेच स्वयंपाकघर ताईंच्या उंचीवरून दाखवणार आहे, आणि आधी विजयरावांनी बघावं. सरांनी खिडकीबाहेर तोंड केलं. विजयरावांचं दिलसुखनगरला कापडाचं दुकान आहे, गिऱ्हाइकाशी बोलून बोलून आवाज कायम वरच्या पट्टीत. हेडसेट घालतानाही ते सांगत होते की ताईला स्वयंपाकघरात जायची वेळच येणार नाही, मीना आहे, कामवाली आहे, ताईने आता आराम करायचा.

आणि मग बोलणं थांबलं. त्यांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली. हनुवटी वर करून बघितलं. म्हणाले, गॅसवरच्या पातेल्यात काय आहे ते दिसत नाही. मी म्हटलं, हो. काय आहे त्यात? मी म्हटलं, दूध आहे. त्यांनी पाठ ताठ केली, मान उंचावली. तरी दिसेना.

मग ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

आता हेडसेटमधला पॅनोरमा हे एक काढून ठेवलेलं चित्र असतं. कॅमेरा जिथे होता तिथेच आपण असतो. तुम्ही उभे राहा, स्टुलावर चढा, चित्र एक इंचही उंच होत नाही. विजयरावांना ते ठाऊक नव्हतं. पूर्ण सहा फुटांचा माणूस मीटिंग रूममध्ये टाचा उंचावून उभा, आणि डोळ्यांपुढे पातेल्याची तीच कड. ते आणखी उंच व्हायला बघत होते. एक हात पुढे करून हवेत चाचपत होते. मीनावहिनींनी तोंडावर पदर धरला.

कमलताई शांतपणे म्हणाल्या, "उभं राहून उपयोग नाही विजय. बस खाली."

ते बसले. हेडसेट काढून मांडीवर ठेवला. मग बहिणीला म्हणाले, "ताई, तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू उभा होतास."

सही त्या दिवशी झाली नाही. पुढच्या आठवड्यात झाली, नव्या डिझाइनवर. अर्धा ओटा चौतीस इंचांचा मीनावहिनींसाठी, आणि खिडकीकडचा साडेतीन फुटांचा तुकडा तीस इंचांचा. त्याखाली कपाट नाही, मोकळी जागा, खुर्ची आत जाईल अशी. मधला काउंटर मीच उडवला. फॅक्टरीवाले कुरकुरले, पण सरांनी स्वतः फोन करून त्यांना गप्प केलं, हे मान्य करायला हवं. माल आठ दिवस उशिरा आला. गृहप्रवेश ठरल्या मुहूर्तालाच झाला, ओट्याविना, आणि पूजेचं दूध ताईंच्या त्या मास्तरांच्या टेबलावर उतू गेलं. हौसेने म्हणून तेच टेबल नल्लकुंट्याहून आणलं होतं.

सरांनी शब्द पाळला. नव्या डिझाइनवर सही होताच मला प्रोजेक्टवरून काढलं, आणि वर चार महिने क्लायंट मीटिंगला बसू दिलं नाही. प्लायवूड कसं कापायचं त्याच्या याद्या करत बसवलं. केल्या. वाईट वाटलं का? वाटलं. पस्तावले का? मुळीच नाही.

परवा कमलताईंनी बोलावलं होतं. त्यांच्या तुकड्यावर चपटी इंडक्शन शेगडी बसवलीय, तिच्याबद्दल त्यांची तक्रार कायम आहे, म्हणे हिच्यावर आल्याचा वास उतरत नाही. मीनावहिनी शेजारी स्टुलावर बसून त्याच ओट्यावर मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, उभ्याने माझीही कंबर दुखायचीच की, मला कुणी विचारलंच नव्हतं. ताईंनी कप माझ्या हातात दिला. साखर इतकी होती की दात शिवशिवले. वहिनींनी ताईंच्या कपाकडे बघितलं, आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

आता मी परत मीटिंगला बसते. नवीन फाईल उघडली की सॉफ्टवेअर अजूनही गुपचूप पाच फूट तीन इंच भरतं. मी तो आकडा खोडते, आणि घरात कोण कोण राहणार आहे ते विचारून टेप काढते. लहान मूल असेल तर त्याचंसुद्धा माप घेते. सर म्हणतात, यात फुकट वेळ जातो.

जातो. मी टेप काढतेच.