ताइचोचे गाव आणि पांढरी पेटी

जपानमध्ये मी राहते त्या त्सुकुबाहून निघाले तेव्हा पिशवीत बेसनाचे लाडू होते आणि डोक्यात एक हरलेला सेनाधिकारी. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याने वसवलेले गाव पाहायचे होते. गाव त्याला आजही नुसते ‘ताइचो’ (दलनायक) म्हणते.

स्टेशनवर त्याचे पणतू किकुची-सान घ्यायला आले होते. निवृत्त शिक्षक, लख्ख ऊन असूनही हातात छत्री. दीडशे वर्षांपूर्वीच्या यादवीत ताइचो शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, बाजूने लढला आणि हरला. जमीन गेली, तेव्हा फुकुशिमाच्या किनाऱ्यावरची कुटुंबे घेऊन तो या थंड सरहद्दीवर आला. अमेरिकेच्या यादवीत हरलेले दक्षिणेचे अधिकारी पश्चिमेच्या वाळवंटात जाऊन पुढारी झाले, तेही याच सुमारास. ताइचो म्हातारपणी प्रांतिक सभेत निवडून आला. पहिल्या हिवाळ्यात मात्र त्याची माणसे परत निघाली होती. तेव्हाच त्याची आई वारली. तिच्या अस्थी त्याने इथेच पुरल्या, आणि मग कुणी गाठोडे बांधले नाही.

ही जमीन रिकामी नव्हती. इथे आधीपासून ऐनू लोक राहत होते; गावच्या संग्रहालयात त्यांच्या वाट्याला एकच काचपेटी आली आहे. तरीही दगड वेचून केलेली ती शेते पाहताना मान आपोआप झुकते.

दुपारचे जेवण एन्दो-सानकडे होते. त्सुनामी आणि अणुभट्टीच्या अपघातानंतर ताइचोच्या मूळ गावातून माणसे हलवली, त्यांपैकी त्या एक. जुन्या नात्याला जागून या गावाने त्यांना घर दिले. मी दिलेले लाडू त्यांनी कोपऱ्यातल्या पांढऱ्या वेष्टनाच्या पेटीपुढे ठेवले आणि हात जोडले. जेवणानंतर तेच लाडू ताटलीत आले. याला ‘ओसागारी’ म्हणतात, आपल्याकडच्या प्रसादासारखे. पेटीत कोणता देव, असे मी विचारले.

“माझा नवरा,” त्या म्हणाल्या.

निर्वासितांच्या छावणीतच ते वारले होते. पिढीजात दफनभूमी किरणोत्सर्गामुळे बंद केलेल्या क्षेत्रात, म्हणून अस्थी घरातच राहिल्या. माझा हात लाडवापाशी थांबला. आमच्या घरी अस्थी उंबऱ्याच्या आत येत नाहीत, त्यांच्यापुढचे खाणे तर दूरच. एन्दो-साननी ते पाहिले. एक लाडू कागदात गुंडाळून माझ्याजवळ ठेवला.

किकुची-सानही जेवायला होते, पण त्यांचे येणे केवळ माझ्यासाठी नव्हते. गावच्या बौद्ध देवळात अस्थी पुरायला एक जागा मोकळी होती आणि भिक्षूंना आता उत्तर हवे होते. किकुची-साननी ताइचोच्या आईचा दाखला दिला: तिच्या अस्थी इथेच पुरल्या होत्या.

“त्याला परत जायचं नव्हतं. मला जायचंय,” एन्दो-सान म्हणाल्या. “इथे पुरलं की संपलं.”

किकुची-साननी चहाचा कप खाली ठेवला. “घरात एक गोष्ट सांगतात. मी शाळेत कधी शिकवली नाही. आईच्या अर्ध्या अस्थी त्याने मासेमारीच्या होडीतून गुपचूप दक्षिणेला पाठवल्या.”

“आणि लोकांना सांगितलं, परत जायचं नाही?”

“पुढारी होता ना.”

एन्दो-सान हसल्या आणि पेटीजवळ सरकल्या. जपानी लोक गळ्याजवळचे एक हाड सर्वांत पवित्र मानतात. त्याचा आकार बसलेल्या बुद्धासारखा दिसतो.

“बाकीच्या अस्थी ठेवू इथे,” त्या म्हणाल्या. “गळ्याचं हाड माझ्याकडे राहील. आमच्या गावचा रस्ता उघडला की मी घेऊन जाईन. फार बोलायचे ते. गावातल्यांना सांगायचं बरंच साठलं असेल.”

किकुची-सान उठले आणि भिक्षूंना फोन करायला बाहेर गेले.

परतीच्या गाडीत डावीकडे समुद्र होता. ताइचोचा कणखरपणा पाहायला गेले होते. त्याने एक होडी दक्षिणेला सोडली होती, हे कळल्यावर तो मला अधिकच मोठा वाटू लागला. समुद्राखालचा बोगदा येण्याआधी मी कागद उलगडला आणि लाडू खाल्ला. घरी आईला मात्र हे अजून सांगितलेले नाही.