घोट्यापर्यंतचे बूट

सत्तरच्या दशकात मी नागपुरात कॉलेजात होते आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात होते. संघात म्हणजे बाकावर. उंची पाच फूट एक इंच, नेम त्याहून बेताचा. आम्ही सगळ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत खेळायचो, खडू फासून ते आणखी पांढरे करायचो.

त्या वर्षी मावशीचे यजमान परदेशात ट्रेनिंगला गेले आणि येताना माझ्यासाठी खास बास्केटबॉलचे बूट घेऊन आले. काळं कॅनव्हास घोट्याच्याही वरपर्यंत, पुढे पांढऱ्या रबराची टोपी, बाजूला गोल शिक्का. मी हरखले. आईने एक बूट उचलून उलटापालटा केला.

"हे पायात घालाचे आहेत, का गुडघ्याले बांधाचे?"

दुसऱ्या दिवशी मैदानावर माझी किंमत एकदम वाढली. खेळाच्या सरांनी बुटांकडे बराच वेळ पाहिलं आणि नागपूरजवळच्या कन्हानच्या मुलींविरुद्धच्या सामन्यात मला पहिल्या पाचात घेतलं. वर्षभर दिसलं नव्हतं असं काहीतरी त्यांना माझ्या घोट्यांत दिसलं असावं.

कन्हानच्या मुली बसने आल्या. त्यांची कप्तान किडकिडीत, माझ्याच उंचीची, आणि चक्क अनवाणी. मला तिची कीव आली. ही कीव पहिली दोन मिनिटं टिकली. तिने माझ्या हातातून चेंडू तीनदा काढून नेला. चौथ्यांदा मी तिच्यामागे झेपावले. बुटांचे सपाट तळवे लाकडी फरशीसाठी केलेले होते आणि आमच्या मैदानावर मुरूम होता, हे मला घसरत जाताना कळलं. गुडघा सोलून निघाला. सरांनी मला बाहेर काढलं. आम्ही सपाटून हरलो.

सामना संपल्यावर ती माझ्याकडे आली.

"लय लागलं का वं?"

"नाही," मी म्हणाले. रक्त मोज्यापर्यंत आलं होतं.

"बूट मस्त आहेत. मले एकदा घालून पाहू दे न."

तिने नाड्या आवळल्या, दोन उड्या मारल्या, बूट काढून नीट जोडीने माझ्यापुढे ठेवले. "खरंच मस्त आहेत. पण सारा वेळ तं तू त्याइच्याकडंच पाहून राहिली होती! बॉल कवा पाहशीन?"

मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं.

बुटांची कीर्ती मात्र या पराभवाने तसूभरही कमी झाली नाही. संघाच्या फोटोत ते मधोमध आहेत, आमच्या सर्वांत उंच मुलीच्या पायात. मी मागच्या रांगेत, चपलांत. परवा भाचीने हौसेने तसेच बूट आणले. तोच रंग, तोच शिक्का, तोच सपाट तळ. ती काही खेळत नाही, त्यामुळे तिला ते उत्तम चालतात.

त्या सामन्यानंतर राग ओसरायला मला आठवडा लागला होता. मग एका रविवारी मी बस पकडून कन्हानला गेले, पत्ता विचारत त्या कप्तानचं घर गाठलं आणि म्हणाले, "मला बुटांकडे न बघता चेंडू कसा पळवायचा ते शिकव."

ती हसली नाही. "चप्पल काढ," म्हणाली.

पुढचे कित्येक रविवार मी तिथल्या मैदानावर अनवाणी धावले. पहिल्याच दिवशी घरी आल्यावर आईने माझे तळपाय पाहिले, तेल-हळद कोमट करून आणली आणि चोळता चोळता विचारलं, "आता बुटाले काय झालं?"